रामराम, सलाम, जोहार : कचेरीतल्या शब्दांचा इतिहास

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सकाळी आल्या आल्या ‘रामराम’ म्हटले, तर मुसलमान कारकुनाने काय म्हणावे, हा प्रश्न आपल्या समाजात अधूनमधून विचारला जातो. पूर्वी तो कोणी विचारत नसे. अलीकडे शिकलेली, नोकरीला लागलेली मुलेच तो अधिक विचारतात. याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. बैठकीत एखादी मुलगी ‘काम उद्यापर्यंत होईल, इन्शाल्ला’ असे सहज म्हणून जाते आणि चारदोन माना तिच्याकडे वळतात. एका छपराखाली काम करणाऱ्या माणसांना एकमेकांच्या तोंडचे देवाधर्माचे शब्द खुपतात का? खुपत असतील तर कधीपासून, आणि कशामुळे? यावर मौलवींनी काय सांगायचे ते सांगावे, साहेबांनी सेवानियम काढून दाखवावेत. मला या प्रश्नाकडे महाराष्ट्राच्या इतिहासातून पाहायचे आहे, कारण या मुलखात एकत्र काम करणाऱ्या माणसांच्या बोलण्याचा बराच मोठा लेखी पुरावा शिल्लक आहे.

सुरुवात पेशव्यांच्या दफ्तरापासून करू. पुण्याच्या पुराभिलेखागारात हे दफ्तर रुमालांत बांधून ठेवलेले आहे. त्यातला कोणताही कागद उघडला की माथ्यावर ‘श्री’ दिसतो आणि तारखेच्या जागी ‘छ’ हे अक्षर. ‘छ’ म्हणजे चंद्र. त्यापुढे जो महिना येतो तो चैत्र-वैशाख असेलच असे नाही. बहुतेक वेळा तो मोहरम, सफर, रबिलावल, जमादिलाखर, रमजान, सवाल किंवा जिल्हेज असतो. वर्ष लिहायचे ते सुहूर सनाचे, आणि त्यातले आकडे अरबी : इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस. लिहिणारा कारकून सोवळ्यातला ब्राह्मण. तो घरी एकादशी धरीत असेल, चातुर्मास पाळीत असेल, पण कचेरीत बसला की रोजकीर्दीत ‘छ १० रमजान’ लिहिताना त्याचा हात अडखळत नसे. हिजरी महिने आपल्या नबींच्या धर्माचे आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? त्याच्या लेखी ते कामाचे महिने होते. निजामशाही-आदिलशाहीपासून हिशेब तसा चालत आला होता आणि हिशेब मोडून चालत नाही, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान.

त्याच कागदांत पत्रांचे मायने पाहण्यासारखे असतात. कोणाला काय लिहायचे याचे नियम ठरलेले होते आणि पत्रलेखनाच्या मेस्तकांतून ते शिकवले जात. ब्राह्मणाला नमस्कार किंवा आशीर्वाद, मराठा सरदाराला रामराम, कोणाला दंडवत, मुसलमान सरदाराला सलाम. ज्याचा जो शब्द त्याला तो द्यायचा, अशी ही रीत. आजच्या भाषेत तिला सर्वधर्मसमभाव म्हणण्याचा मोह होतो आणि आपल्यातले काही वक्ते व्यासपीठावरून तसे म्हणतातही. परंतु हे अर्धेच खरे आहे. मायन्यांची ही यादी म्हणजे शिडी होती. वरच्या पायरीवर नमस्कार आणि सगळ्यांत खाली महाराचा जोहार. जो शब्द आपल्या वाट्याला आला तोच तोंडातून काढायचा, वरच्या पायरीचा काढायचा नाही.

हे किती कडक होते याचा एक दाखला मुंबईतला आहे. सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून घेऊ लागली, धोतराचा काष्टा ब्राह्मणी पद्धतीने घालू लागली आणि भेटताना ‘नमस्कार’ म्हणू लागली. पुण्याच्या ब्राह्मणांना हे सहन झाले नाही. पेशव्यांच्या बळावर त्यांनी ही चाल मोडून काढली. शिवाय मुंबईतल्या सोनारांपर्यंत पेशव्यांचा हात पोचत नव्हता म्हणून कंपनी सरकारकडून १७७९ साली तसा मनाई हुकूम काढवून घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या न झालेल्या भाषणात हा प्रसंग सांगितला आहे. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हुकूम काढणारे गोरे ख्रिस्ती, मागणी करणारे ब्राह्मण, बंदी ज्यांच्यावर घातली तेही हिंदूच, आणि शब्द कोणता, तर नमस्कार! यात दोन धर्मांचे भांडण कुठे आहे? शब्दाचे मूळ धार्मिक आहे म्हणून कोणी दुखावले गेले नव्हते. खालच्या माणसाने आपल्या बरोबरीचा शब्द उच्चारला म्हणून वरचे दुखावले गेले होते.

‘जोहार’ हा शब्द तर त्याहून बोलका आहे. त्याची व्युत्पत्ती जयकाराशी जोडली जाते, म्हणजे मुळात शब्द चांगलाच. चोखोबांनी आणि नाथांनी आपल्या जोहाराच्या रचनांत त्याला विठ्ठलाच्या दारापर्यंत नेले. पण वेशीवर उभ्या असलेल्या महाराला तो भक्तीने म्हणायचा नव्हता, तो म्हणावाच लागे. पाटील-कुळकर्ण्याला रामराम घालण्याचा अधिकार त्याला नव्हता. चांगल्या अर्थाचा शब्दसुद्धा सक्तीने वदवून घेतला की तो गळ्यातल्या मडक्यासारखा होतो, हे महाराष्ट्रातल्या दलितांइतके कोणाला ठाऊक नसेल.

आणि आपला ‘सलाम’? त्याचेही या भूमीत काय झाले ते पाहिले पाहिजे. अरबीत हा शब्द शांतीचा, सुखरूपतेचा. ‘अस्सलामु अलैकुम’ मध्ये वरचा-खालचा असा भेदच नाही. लहान मोठ्याला म्हणतो, मोठाही लहानाला म्हणतो, आणि उत्तरात तोच शब्द उलटून येतो. सूरह निसाच्या ८६ व्या आयतीत सलामाचे उत्तर त्याहून चांगल्या, निदान तितक्याच चांगल्या शब्दांनी द्यावे असे सांगितलेले आहे. पण सुलतानांच्या दरबारात, मग मराठ्यांच्या, मग इंग्रज साहेबाच्या व्हरांड्यात फिरून हा शब्द मराठीत आला तो वाकलेल्या कमरेनिशी. सलाम ठोकणे, सलाम झाडणे, उठता बसता सलाम करणे, हे सगळे वाक्प्रचार लाचारीचे. मंगेश पाडगावकरांच्या ज्या ‘सलाम’ संग्रहाला १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यातल्या त्याच नावाच्या कवितेत हा शब्द भेदरलेल्या सामान्य माणसाच्या नाइलाजाचे चिन्ह होऊन येतो. वाचताना माझ्यासारख्याला क्षणभर चुटपूट लागते, की शांतीच्या शब्दाची ही काय अवस्था! पण कवीवर रागावण्यात अर्थ नाही. त्याने मराठीत जो अर्थ चालू होता तोच घेतला, आणि तो अर्थ बनवण्यात मुसलमान बादशहांचाही हात होता. आपल्याच राज्यकर्त्यांनी आपला शब्द गुलामीला लावला, ही गोष्ट आपण सहसा बोलून दाखवत नाही.

याच शब्दाला पुढे मुंबईच्या गिरणगावात तिसरा जन्म मिळाला. १९४४ साली शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गिरणीतल्या साच्यावर आणि युनियनच्या सभेत एकमेकांना करायचा सलाम हा ‘लाल सलाम’ झाला. सातारचा मराठा, कोकणातला कुणबी, मदनपुऱ्यातला मोमीन, तिघेही मूठ आवळून तो म्हणत. वास्तविक कम्युनिस्टांना देवधर्म वर्ज्य, पण हा शब्द कुराणातला आहे म्हणून कोणा कॉम्रेडने हरकत घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. बरोबरीचा अर्थ त्या शब्दाला परत मिळाला तो मशिदीबाहेर, गिरणीच्या फाटकावर!

दलितांच्या बाबतीत याहून मोलाची गोष्ट घडली. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९) हे बाबासाहेबांचे तरुण सहकारी. बिडी कामगारांत त्यांचे काम होते. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळावर निवडून आले. आपली माणसे भेटली की ‘जोहार मायबाप’ म्हणतात, नाही तर ‘रामराम’, हे त्यांना डाचत असे. त्यांच्याविषयी असे सांगितले जाते, की रस्त्यात मुसलमान एकमेकांना ‘सलाम आलेकुम, वालेकुम सलाम’ करताना त्यांनी पाहिले आणि एका मौलवींना त्याचा अर्थ विचारला. अर्थ ऐकल्यावर आपल्याही लोकांना असे बरोबरीचे अभिवादन हवे असे त्यांच्या मनाने घेतले आणि ‘जय भीम’ जन्माला आला. त्याचे उत्तर ‘बल भीम’ असावे अशी त्यांची कल्पना होती. उत्तर टिकले नाही. ‘जय भीम’ ला ‘जय भीम’ च रूढ झाले. एका शोषित समाजाने आपल्या सलामातला सारांश उचलला आणि शब्द मात्र स्वतःचा घडवला. एकमेकांच्या धार्मिक शब्दांशी कसे वागावे, याचा याहून चांगला नमुना मला आपल्या इतिहासात दिसत नाही. दुर्दैवाने मुस्लिम मोहल्ल्यांत ही हकीकत फारशी कोणाला माहीतच नसते.

आता अशा शब्दांकडे वळू, ज्यांचे धार्मिक मूळ आपण सगळेच विसरून गेलो आहोत. मुंबईत शिरणारी मालमोटार वर्षानुवर्षे जकात नाक्यावर थांबत असे. जकात हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. साठवलेल्या संपत्तीतला अडीच टक्के भाग गरिबांचा, ही त्यातली आज्ञा. मराठीत तिचा झाला पालिकेचा कर. ‘जकात चुकवणे’ हा धर्मातला गुन्हा व्यापारातली हुशारी ठरला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबई महापालिकेची जकात बंद झाली. तोपर्यंत लाखो हिंदू व्यापाऱ्यांनी जकात भरली, कोणाला धर्म बाटल्यासारखे वाटले नाही. आपल्यापैकीही कोणी ‘आमच्या फर्जाचे नाव नाक्याला का’ म्हणून अर्ज केला नाही. इमान म्हणजे अल्लाहवरची श्रद्धा. मराठीत कुत्रा इमानी असतो आणि नोकर इमानेइतबारे चाकरी करतो. आषाढीला पंढरपुरात तोबा गर्दी होते, आणि त्या गर्दीतला वारकरी ती गर्दी सांगताना पश्चात्तापाचा अरबी शब्द वापरतो. उलट बाजूने पाहावे तर मराठी शाळेत शिकलेला मुसलमान ‘कामाचा श्रीगणेशा केला’ असे लिहितो आणि ‘यात काही राम नाही’ असे बोलतो. ‘ओनामा’ तर तिसरीकडचाच. धुळाक्षरे गिरवण्याआधी जे ‘ॐ नमः सिद्धम्’ म्हणत त्याचा तो अपभ्रंश आणि त्याचा संबंध जैनांशी सांगतात. बिस्मिल्ला, श्रीगणेशा, ओनामा, काम एकच : सुरुवात करणे. आणि कंटाळा आला, की हिंदू असो वा मुसलमान, नोकरीला ‘रामराम’ च ठोकतो.

या यादीतला एकच शब्द मला थांबवतो. ‘हैदोस’. पोरांनी हैदोस घातला, गुंडांनी हैदोस घातला, असे आपण रोज वाचतो. कोशकार हा शब्द मोहरममधल्या ‘हाय दोस्त, दूल्हा’ या आक्रोशाशी जोडतात. करबलेच्या शहिदांसाठी छाती पिटून केलेला शोक बाहेरून ऐकणाऱ्याच्या कानात धिंगाणा होऊन बसला. इंग्रजांच्या कानांनीही हेच केले. ‘या हसन, या हुसेन’ हे त्यांच्या सोल्जरांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असे ऐकले, आणि युल व बर्नेल यांनी १८८६ साली हिंदी इंग्रजीचा जो प्रसिद्ध कोश काढला त्याला तेच नाव दिले. शोकाचा गोंगाट झाला, याचे वाईट वाटायला हवे का? मला थोडे वाटते, हे लपवीत नाही. पण ज्या काळात हा शब्द मराठीत शिरला तो काळ पाहिला की राग विरघळतो. त्या काळी पुण्यात, साताऱ्यात, गावोगाव हिंदू लोक ताबूत बसवीत, नवस बोलत, सवारी नाचवीत. कित्येक गावांत मुसलमानाचे घर नसूनही ताबूत बसतो तो त्याच परंपरेने. शब्द आत आला तो घरात वावरणाऱ्याच्या तोंडून. १८९३ च्या दंग्यांनंतर हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये असा प्रचार पुण्यात सुरू झाला, १८९४ साली त्यांनी ताबुतांवर बहिष्कार घातला आणि सार्वजनिक गणेशोत्सवाचा जोर वाढला. माणसे वेगळी निघाली. शब्द मात्र राहिला, मूळ हरवून.

मिसळण्याचे एक साधे चित्र खळ्यावरचे आहे. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. मुसलमान मापारी असला तर पहिल्या मापाला ‘बरकत’ म्हणे. उर्दू कोशांत बरकत या शब्दाचा एक अर्थ ‘मोजणीतला एक’ असाच दिलेला आहे. शेतकरी हिंदू, मापारी मुसलमान, धान्य घेणारा मारवाडी जैन. पण त्या एका शब्दासाठी रास अडून राहत नसे. बरकत म्हटले म्हणून शेतकऱ्याला माप कमी भरल्यासारखे वाटत नव्हते आणि लाभ म्हटले म्हणून मापाऱ्याचे इमान जात नव्हते. ज्याचे काम त्याचा शब्द, आणि दुसऱ्याने तो आपल्या अर्थाने ऐकायचा.

मग भाषेच्या शुद्धीकरणाचे काय, असे कोणी विचारील. मराठीतून फारसी-अरबी शब्द काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न शिवाजी महाराजांच्या काळातला. रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोशात सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सरनोबत सेनापती झाला. वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी केली, तेव्हा १६२८ च्या पत्रात शेकडा सुमारे पंच्याऐंशी शब्द फारसी आढळले, १६७७ च्या पत्रात सुमारे सदतीस, आणि १७२८ च्या पत्रात फक्त सहा. पण या बदलाला मुसलमान-द्वेष म्हणणे हा अडाणीपणा होईल. काझी हैदर महाराजांचे फारसी चिटणीस होते, आरमारावर दौलतखान होता. राज्य नवे होते आणि त्याला स्वतःची भाषा हवी होती. शिवाय कोश करून शब्द जात नाहीत. चिटणीस, फडणीस राहिलेच, आणि ‘पेशवा’ हा शब्द तर परत येऊन महाराष्ट्राच्या इतिहासातल्या एका सबंध कालखंडाचे नाव होऊन बसला.

विसाव्या शतकातली भाषाशुद्धी वेगळी. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी ती चळवळ हाती घेतली तेव्हा शब्दाच्या मुळाशी धर्म जोडला गेला आणि परका शब्द म्हणजे परक्याची खूण, असा सूर लागला. माधव जूलियनांची गंमत पाहा. फारसीचे हे प्राध्यापक, ज्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, गझल मराठीत आणली, तेच पुढे शुद्धीच्या बाजूला झुकले आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मोकळे झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आदर राखूनही असे म्हणावेसे वाटते, की ज्याला शब्दांचे घर ठाऊक होते त्याने तरी त्यांना घराबाहेर काढायला हात लावायला नको होता. कारण शब्दाला पाहुणा ठरवले की तो बोलणाऱ्यालाही पाहुणा ठरवायला वेळ लागत नाही.

हे सांगताना आपल्या घराकडेही पाहणे भाग आहे. आपल्याकडेही शुद्धीकरण चालू आहेच. आपले आजोबा निरोप घेताना ‘खुदा हाफिज’ म्हणत. पाकिस्तानात झियांच्या राजवटीत, १९८० च्या दशकात, ‘अल्लाह हाफिज’ चा जोर वाढला, कारण ‘खुदा’ हा फारसी शब्द आणि फारसी म्हणजे अरबी नव्हे. तो वारा इकडेही आला. रमजानचा रमदान होऊ लागला. आता ‘नमाज’ ऐवजी ‘सलात’ म्हणावे असेही काही जण सुचवतात. सावरकरांना ‘तारीख’ नको होती, यांना ‘खुदा’ नको आहे. दोघांचाही आग्रह एकच, शब्दाचे कूळ तपासून त्याला आत घ्यायचे. ज्या माणसाला आपल्याच आजोबांचा ‘खुदा हाफिज’ अशुद्ध वाटतो, त्याला शेजाऱ्याचा ‘रामराम’ कुफ्र वाटला तर नवल नाही. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीत कचेरीची भाषा उर्दू होती. तिथे देशपांडे आणि कुलकर्णीही ‘आदाब अर्ज’ म्हणत आणि मुसलमान तहसीलदारही तेच म्हणे. त्यात ना रामाचे नाव, ना अल्लाहचे. तो शब्द आज आपल्यातच किती जण वापरतात? गोव्यात ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात. तो देव नेमका कोणाचा, याची चौकशी झाल्याशिवाय तिथले व्यवहार अडत नाहीत.

तेव्हा ‘रामराम’ चे काय? पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मुसलमान शेतकरी, अत्तार, शिकलगार, मुलाणी पिढ्यान् पिढ्या पाटलाला रामराम घालत आले आणि पाटील त्यांना ‘सलाम, चाचा’ म्हणत आला. हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. यात कोणी कोणाचा देव मान्य करीत नव्हते, समोरच्याला त्याच्या शब्दात मान देत होते. मात्र १९८७-८८ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ घरोघर पोचले, त्याच काळात अयोध्येचे आंदोलन पेटले, आणि डिसेंबर १९९२ नंतर रामाचे नाव दोन वेगळ्या सुरांत ऐकू येऊ लागले. ‘रामराम’ हे भेटणाऱ्याला म्हणायचे, ‘जय श्रीराम’ हे मिरवणुकीत मशिदीकडे तोंड करून ओरडायचे. नाव एकच. एकटे गाठून, मारून, हा जयघोष म्हणवून घेतल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत घडल्या. २०१९ साली झारखंडमधला एक तरुण अशा मारहाणीनंतर मरण पावला. रामाचे नाव घ्यायला मला आक्षेप नाही असे म्हणणाऱ्या मुसलमानालाही ते असे घेता येणार नाही. महारांचा जोहार आणि हा जयघोष या दोन्हींत म्हणणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नव्हती.

उलट, शब्द आपलाच असूनही टोचू शकतो. मी ज्या कचेरीत नोकरी केली तिथे एक वरिष्ठ होते. दुपारी डबा उघडला की ते लांबून ओरडत, “काय मियाँ, झाला का बिस्मिल्ला?” चारजण हसत. बिस्मिल्ला हा तर माझ्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा शब्द. त्या साहेबांच्या तोंडून तो आला की घास तोंडात फिरे. आणि त्याच कचेरीतले एक वारकरी शिपाई, कपाळाला बुक्का लावून येणारे, मला रोज ‘रामराम, शेखसाहेब’ म्हणत. पंचवीस वर्षांत त्यांचा रामराम मला कधी लागला नाही. मी त्यांना ‘सलाम, बाबा’ म्हणे. तेही हात वर करून ‘सलाम’ म्हणत आणि पाण्याचा पेला पुढे सरकवत. भाविक त्या दोघांत कोण होते हे सांगायला नको, आणि धर्माचे शब्द कचेरीत नकोतच असे म्हणणाऱ्यांनी या दोघांपैकी कोणाला गप्प बसवायचे, याचा विचार करावा.

सरकारनेच शब्द ठरवून देण्याचा ताजा प्रसंग महाराष्ट्रातलाच आहे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी जाहीर केले, की सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे. १ ऑक्टोबरला तसा शासन निर्णय निघाला. ‘हॅलो’ हे पाश्चात्त्यांचे अनुकरण, असे कारण देण्यात आले. मुंबईतल्या रझा अकादमीने आक्षेप घेतला. काँग्रेसचे नाना पटोले यांनी आपल्या कार्यकर्त्यांना ‘जय बळीराजा’ म्हणायला सांगितले, अबू आझमींनी ‘सारे जहाँ से अच्छा’ चा उल्लेख केला. म्हणजे प्रत्येकाने आपापला मायना काढला! ‘वंदे मातरम्’ हे बंकिमचंद्रांच्या १८८२ च्या ‘आनंदमठ’ मधले गीत. त्यातल्या पुढच्या कडव्यांत देवीची स्तुती असल्यामुळे मुसलमानांचा आक्षेप होता, आणि तो समजून घेऊनच १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी गावीत असा निर्णय केला होता. ज्या नेत्यांनी स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगले, त्यांना दुसऱ्याच्या मनाला काय खुपते हे विचारण्यात कमीपणा वाटला नव्हता.

२०२२ च्या निर्णयात सक्ती नव्हती, आग्रह होता, हे नमूद केले पाहिजे. पण साहेबाचा आग्रह आणि शिपायाचा नकार यांची ताकद सारखी नसते, हे कचेरीत बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. न्यायालयाने या बाबतीत एक गोष्ट फार पूर्वीच स्पष्ट केलेली आहे. केरळमधली यहोवा साक्षीदार पंथाची तीन मुले शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण श्रद्धेपोटी गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले. १९८६ साली बिजोय इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. गप्प उभे राहणे हा अपमान नव्हे, असे त्या निकालाचे सार. हा निकाल मिळवला तो आपल्याहून कितीतरी लहान अशा एका ख्रिस्ती पंथाच्या तीन शाळकरी मुलांनी.

म्हणून मुले मला विचारतात तेव्हा मी त्यांना सांगतो, की शेजारचा ‘रामराम’ म्हणाला तर तू ‘सलाम’ म्हण, किंवा ‘रामराम’ म्हण, किंवा ‘नमस्कार’ म्हण, पण उत्तर दे. आणि ‘इन्शाल्ला’ तोंडात आले तर ते गिळू नकोस. कोणी अर्थ विचारला तर सांग, जसा कामठीतल्या त्या मौलवींनी बाबू हरदासांना सांगितला होता. पण साहेबाने अमुकच म्हण असे बजावले, तर तो हुकूम आधी लेखी माग. १७७९ चा हुकूम लेखी होता, म्हणूनच तो आज आपल्याला दाखवता येतो.